फीचा हिशेब तपासता, तसा नोकऱ्यांचाही तपासा

प्रति,
मा. आयुक्त, राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, मुंबई
आणि
मा. अध्यक्ष, शुल्क नियामक प्राधिकरण, मुंबई

विषय: एमबीए/एमएमएस प्रवेशाच्या ऑप्शन फॉर्ममध्ये (कॉलेजांचा पसंतीक्रम भरतात तो) प्रत्येक कॉलेजच्या कोडसमोर नोकऱ्यांचे तपासलेले आकडे दाखवण्याबाबत.

महोदय,

माझा भाचा अंबाजोगाईहून आलाय. एमबीए सीईटीला ८१ पर्सेंटाइल. म्हणजे अडचणीचाच आकडा. नव्व्याण्णवच्या पुढच्या दशांशांवर भांडणाऱ्यांना कुठे जायचं ते पाठ असतं, जमनालाल बजाज नाहीतर सिडनहॅम, नाहीतर माटुंग्याचं वेलिंगकर. तीस-चाळीसवाल्याला जिथे मिळेल तिथे जायचं असतं. ऐंशीच्या घरातल्या पोराला मात्र साठ-सत्तर कॉलेजं खुली असतात आणि त्यातलं एकही त्याला माहीत नसतं.

परवा रात्री जेवणं झाल्यावर आम्ही दोघं लॅपटॉप घेऊन बसलो. स्क्रीनवर संस्थेचा कोड, नाव, गाव, विनाअनुदानित की शासकीय, अल्पसंख्याक आहे का, जागा किती. दुसऱ्या खिडकीत गेल्या वर्षीच्या कटऑफची पीडीएफ. त्यानं विचारलं, "मामा, यातलं वर कुठलं घेऊ?" पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय लागला तर तो आपोआप फ्रीज होतो, पुढच्या फेऱ्या बंद, म्हणजे हा प्रश्न काही सहज विचारलेला नव्हता. मी गेली दहा-बारा वर्षं माणसं नेमायचंच काम करतो. चाकण पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग बनवणारी आमची कंपनी आहे, तिथे मी एचआरला आहे. स्वतः एमबीए केलंय. आणि मला त्याला उत्तर देता येईना.

शेवटी सगळे करतात तेच आम्ही केलं. कटऑफच्या उतरत्या क्रमानं कोड भरले. कटऑफ जास्त म्हणजे कॉलेज चांगलं. आणि कटऑफ जास्त का, तर गेल्या वर्षी पोरांनी असाच कटऑफ बघून ते वर घातलं होतं म्हणून. या गोल फिरण्यात कॉलेजात आत काय शिकवतात आणि बाहेर पडलेल्याचं काय होतं, याची कुठेच गाठ पडत नाही.

मी २०१३ साली पुण्याच्या एका उपनगरातल्या कॉलेजातून बाहेर पडलो. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण ते काही जगावेगळं कॉलेज नव्हतं. शेवटच्या सेमिस्टरला माझी निवड झाली, हुद्दा 'मॅनेजमेंट ट्रेनी', पॅकेज ३.६ लाख. बँकेच्या शाखेत एका कोपऱ्यात टेबल टाकून बसायचं आणि एफडी मोडायला आलेल्या आजोबांच्या गळ्यात विम्याची पॉलिसी घालायची, असं ते मॅनेजमेंट होतं. हातात पडायचे १४,२००. बाकीचं सगळं इन्सेंटिव्ह, म्हणजे टार्गेट झालं तर. शैक्षणिक कर्ज चार लाखांचं, त्याचा हप्ता सात हजारांच्या आसपास होता. पाचव्या महिन्यात मी ती नोकरी सोडली. नोकरी धरली तेव्हा मी आनंदानं घरी पेढे नेले होते, सोडली तेव्हा सहा आठवडे घरी सांगितलंच नाही.

दोन वर्षांनी आमच्या कंपनीतर्फे मी त्याच कॉलेजात मुलाखती घ्यायला गेलो. जिन्याच्या भिंतीवर फ्लेक्स होता, 'आमचे यशस्वी विद्यार्थी'. त्यात मी! आयकार्डावरचाच फोटो, मानेला टाय जरा वाकडा, खाली त्या विमा कंपनीचा लोगो आणि ३.६ लाख. प्लेसमेंट अधिकारी मला चहा देत त्या फ्लेक्सपाशीच उभे होते. त्यांनी मला ओळखलं नाही. मीही काही बोललो नाही.

न बोलण्याची सवय तिथून लागली असावी, कारण पुढे मी स्वतःही या कारभारात हातभार लावला. पूल कॅम्पस नावाचा प्रकार आपल्या कानावर असेलच. आम्हाला पाच जागा भरायच्या होत्या. एका कॉलेजात अकरा कॉलेजांची मुलं बोलावली होती. तीनशेच्या वर पोरं, सकाळी नऊपासून मंडपात, सगळ्यांच्या हातात तीच प्लास्टिकची फाइल. आम्ही चौघांना घेतलं. पुढच्या हंगामात बघतो तर आमच्या कंपनीचा लोगो अकराच्या अकरा ब्रोशरमध्ये, 'आमच्या कॅम्पसला भेट देणाऱ्या कंपन्या' या मथळ्याखाली. खोटं कुणीच बोललं नव्हतं, फक्त चार नोकऱ्या अकरा ठिकाणी छापून आल्या होत्या. आणखी एकदा एका संचालकांनी विनंती केली म्हणून मी कंपनीच्या लेटरहेडवर 'आपल्या संस्थेतील विद्यार्थ्यांना संधी देण्यास आम्ही उत्सुक आहोत' असं लिहून दिलं होतं. त्या वर्षी आमच्याकडे भरती बंद होती. ते पत्र कुठे कुठे फिरलं, मला माहीत नाही.

१०० टक्के प्लेसमेंट कशी होते, तेही सांगतो. मुलाखतीला येणाऱ्या पोरांना मी हल्ली आवर्जून विचारतो म्हणून कळलं. तिसऱ्या सेमिस्टरला एक फॉर्म भरून घेतात. 'मला घरच्या व्यवसायात/स्पर्धा परीक्षेत/उच्च शिक्षणात रस असल्याने मी प्लेसमेंट प्रक्रियेतून माघार घेत आहे.' खाली सही. ज्यांचे विषय राहिलेत, ज्यांचं इंग्रजी कच्चं, ज्यांच्या मुलाखती दोन-तीनदा फसल्या, त्यांना बोलावून सांगतात की सही करून टाक, तुझाच त्रास कमी होईल. एका मुलानं मला सांगितलं, "सर, मी घरचा व्यवसाय लिहिला. वडील एसटीत कंडक्टर आहेत." साठ मुलांच्या वर्गात अशा सव्वीस सह्या झाल्या की उरलेले चौतीस 'पात्र आणि इच्छुक', आणि चौतिसांना कुठे ना कुठे ऑफर लेटर मिळालं की शंभर टक्के. भागाकार बरोबरच येतो, कारण भाजक आधीच छाटलेला असतो.

आता 'पॅकेज' या शब्दाकडे येतो. ऑफर लेटरच्या शेवटच्या पानावर तो तक्ता असतो आणि पहिल्या नोकरीच्या आनंदात ते पान कुणी वाचत नाही. गेल्या वर्षी ओळखीतल्या एका मुलाचं पत्र मी बघितलं, सहा लाखांचं. घरी त्याच्या वडिलांनी भागिले बारा केलं आणि पोराला महिन्याला पन्नास हजार पगार लागला म्हणून गावात सांगितलं. त्या सहा लाखांत १,२०,००० होते व्हेरिएबल, म्हणजे विक्रीचं टार्गेट गाठलं तर. ५०,००० रिटेन्शन बोनस, दोन वर्षं टिकला तर. कंपनीच्या वाट्याचा पीएफ २१,६००. ग्रॅच्युइटीपोटी ८,६५०, जी हातात पडायला पाच वर्षं नोकरी व्हावी लागते. ग्रुप इन्शुरन्सचा हप्ता ८,०००. हे सगळं वजा केलं की उरतात ३,९१,७५०, म्हणजे महिन्याला ३२,६४५. त्यातून त्याच्या स्वतःच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००, हे पोरांना पहिल्यांदा कळतं तेव्हा एचआरला फोन येतो). खात्यावर पडले ३०,६४५. आठ लाखांचं कर्ज साडेदहा टक्क्यांनी सात वर्षांत फेडायचं असेल तर हप्ता बसतो १३,५०० च्या जवळ, आणि शिक्षण चालू असतानाचं व्याज मुद्दलात मिसळलेलं असतं ते वेगळंच. उरलेल्या सोळा-सतरा हजारांत वाकडला कॉट बेसिसवर राहायचं, मेस लावायची, दुचाकीत पेट्रोल घालायचं आणि फॉर्मल शर्ट इस्त्रीला द्यायचे.

एवढं करून ते काम कुठलं? मार्केटिंगवाल्याला बिल्डरच्या साइटवर रविवारी गिऱ्हाइकांना सँपल फ्लॅट दाखवणं, नाहीतर बँकेची खाती उघडणं. एचआरवाल्याला कन्सल्टन्सीत दिवसाला ऐंशी फोन. फायनान्सवाल्याला कर्जाच्या फाइली तपासणारं बॅक ऑफिस. यातलं कुठलंच काम हलकं नाही, मी स्वतः यातलंच केलं आणि त्यातूनच शिकलो. पण त्यातली बरीचशी बीकॉम झालेल्या पोरालाही मिळतात. मग दोन वर्षं आणि काही लाख रुपये घालून नेमकं काय वाढलं, हे विचारायचा हक्क त्या पोराला आहे, आणि तो प्रश्न फॉर्म भरण्याआधी पडायला हवा, हप्ता सुरू झाल्यावर नाही.

एमबीए करूच नका असं सांगायला मी हे पत्र लिहीत नाही. उलट मला चांगली मुलं भेटतात, आणि ती नेहमी मोठ्या नावाच्या कॉलेजातलीच असतात असं नाही. दोनेक वर्षांपूर्वी एका मुलाखतीत मी एका मुलाला मास्लोची उतरंड, म्हणजे माणसाच्या गरजांच्या त्या पुस्तकी पायऱ्या, विचारली नव्हती, तरी त्यानं ती सांगितली. मग मी त्याच्यापुढे कंत्राटी कामगारांच्या हजेरीची एक्सेल शीट ठेवली आणि म्हटलं, ओव्हरटाइम काढ. तो शीटकडे बघत राहिला. त्याच दिवशी सोलापूरकडच्या एका कॉलेजातली मुलगी आली. इंग्रजी अडखळत, सलवार-कमीजवर कुणाचं तरी मागून आणलेलं ब्लेझर. तिनं शीट बघितली आणि पहिलाच प्रश्न केला, "सर, साप्ताहिक सुट्टीला आला असेल तर दुप्पट धरायचं का?" वडिलांचं रेशनचं दुकान, हिशेब तीच ठेवायची. आज आमच्या प्लांटच्या पगाराचं काम तीच बघते. तिच्या कॉलेजची फी पुण्यातल्या चकचकीत कॉलेजच्या निम्म्याहून कमी होती. अशी कॉलेजं माझ्या भाच्यानं शोधायची कुठून? तुमच्या यादीत ती कटऑफच्या तळाशी असतात.

आकडे जाहीर करायचे नियम नाहीत असंही नाही. एआयसीटीई या केंद्रीय परिषदेच्या मँडेटरी डिस्क्लोजरमध्ये, म्हणजे कॉलेजनं सक्तीनं जाहीर करायच्या माहितीत, गेल्या तीन वर्षांतला कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सरासरी पगार द्यावा लागतो. बहुतेक ठिकाणी ती तिरकी स्कॅन केलेली पीडीएफ असते, आणि सरासरीचं गणित तर तुम्ही जाणताच. तीस मुलांपैकी अठ्ठावीस जणांना २.८ लाख, एकाला १२ आणि एकाला १८ मिळाले, तर सरासरी ३.६ होते. तो पगार वर्गातल्या एकालाही मिळालेला नसतो. एनआयआरएफ या केंद्राच्या क्रमवारीत भाग घेणाऱ्यांना मीडियन, म्हणजे पगारांची उतरत्या क्रमानं रांग लावल्यावर अगदी मधल्या मुलाचा पगार, आणि नोकरी लागलेल्यांची संख्या द्यावी लागते. ते खरंच कामाचं आहे. पण तिथे भाग घेणं ऐच्छिक आहे, आणि मी सांगतोय ती कॉलेजं त्या वाटेला फारशी जात नाहीत.

वरच्या आळीत हे कधीच सुरू झालंय. अहमदाबादच्या आयआयएमनं २०११ च्या सुमारास प्लेसमेंटचे आकडे कसे मांडायचे याची चौकट घालून घेतली, ऑडिट केलेला अहवाल काढायला लागले, त्यात हमखास मिळणारी रोख रक्कम वेगळी आणि 'मिळू शकेल' ती वेगळी. अमेरिकेत हार्वर्ड बिझनेस स्कूलनं २०२४ च्या तुकडीचे आकडे दिले, तेव्हा नोकरी शोधणाऱ्यांपैकी २३ टक्के मुलं तीन महिन्यांनंतरही शोधातच होती. हार्वर्डनं ते छापलं, जगभर बातमी झाली, आणि हार्वर्डला काही कुलूप लागलं नाही. आमच्याकडे मात्र हिंजवडीच्या अलीकडे-पलीकडे प्रत्येक चौकात शंभर टक्क्यांचा फ्लेक्स. हार्वर्डला जमत नाही ते ताथवड्यात जमतं, याचा अभिमान वाटायला हरकत नाही, पण आधी कागद बघू द्या.

शुल्क नियामक प्राधिकरणाच्या अध्यक्षांना मुद्दाम लिहितोय ते यासाठी. २०१५ च्या कायद्यानुसार विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी आपण ठरवता. त्यासाठी कॉलेजांना आपल्यापुढे खर्चाचे ताळेबंद ठेवावे लागतात, सनदी लेखापालाच्या सहीचे. प्राध्यापकांचे पगार, इमारतीचा घसारा, ग्रंथालय, वीजबिल, सगळ्याचा हिशेब होतो आणि मग फी ठरते. त्या फीच्या बदल्यात मुलांच्या पदरात काय पडलं, याचा ताळेबंद मात्र कॉलेजच्या डिझायनरकडे आणि फ्लेक्सवाल्याकडे असतो.

आणि ही फी फक्त आईबापच भरतात असंही नाही. केंद्रीभूत फेरीतून आलेल्या हजारो मुलांची निम्मी किंवा पूर्ण फी महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरून शासनच देतं. २०२४ पासून आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी शंभर टक्के माफ झाली, ते फार चांगलं झालं. पण म्हणजे या कॉलेजांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आता शासनच आहे. आमच्या कंपनीत पन्नास हजारांची मशीन घ्यायची तरी तिनं गेल्या वर्षी किती काम दिलं हे विचारतात.

मागणी फार मोठी नाही. ऑप्शन फॉर्ममध्ये कोड, नाव आणि जागा यांच्याशेजारी चार आकडे. मागच्या तुकडीत प्रवेश किती जणांनी घेतला. त्यातले पास किती झाले. पास झाल्यापासून सहा महिन्यांत पगारी नोकरी किती जणांना लागली, आणि इथे भाजक पूर्ण तुकडीचाच धरायचा, माघारीच्या सह्या मोजायच्या नाहीत. ज्याला खरंच वडिलांचं दुकान चालवायचंय त्याची संख्या हवी तर कंसात द्या, ती वजा करू नका. आणि चौथा आकडा, ठरलेल्या पगाराचा मीडियन, ज्यात व्हेरिएबल नाही, रिटेन्शन नाही. तपासायचं कसं म्हणाल तर ऑफर लेटर हा पुरावा मानू नका, तिसऱ्या महिन्याची पगाराची स्लिप माना. पीएफ कापणाऱ्या कंपनीत लागलेल्याचा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, असतोच, त्यावरून माणूस कामावर आहे की नाही ते कळतं. फीच्या प्रस्तावावर सही करणारे सीए हेही करून देतील.

संचालकांचं म्हणणं मला ठाऊक आहे, कारण चहाच्या वेळी ते मला ऐकवतात. यानं लहान गावांतली कॉलेजं बदनाम होतील, सर, आमच्याकडे येणारी मुलंच तशी असतात. यात तथ्य आहे. पण कंपन्यांची यादी, फ्लेक्स आणि वातानुकूलित सेमिनार हॉल यांच्या स्पर्धेत लहान गावातलं कॉलेज आजही हरतंच आहे. साठातले पस्तीस लागले, मीडियन अडीच लाख, फी पुण्याच्या निम्मी आणि पोरगं घरून ये-जा करतंय, एवढं कागदावर आलं तर अनेक आईबाप हिशेब करून तेच निवडतील. शिवाय सुरुवातीला दोन वर्षं आकडे वाईट दिसले तरी सगळ्यांचेच वाईट दिसतील.

भाच्यानं फॉर्म अजून सबमिट केलेला नाही, मुदत परवापर्यंत आहे. त्यानं माझं ऐकायचं सोडून दुसरंच काम काढलंय. दोनशे पानी वहीत त्यानं रकाने पाडलेत. लिंक्डइनवर प्रत्येक कॉलेजच्या दोन वर्षांपूर्वीच्या तुकडीतली मुलं शोधतो, त्यांना मेसेज करतो, नंबर दिला तर रात्री नऊनंतर फोन लावतो. काल एकानं त्याला अर्धा तास सगळं खरं सांगितलं आणि शेवटी म्हणाला, माझं नाव कुठे घेऊ नकोस, ब्रोशरमध्ये माझा फोटो आहे.

कळावे.

आपला,
एक एमबीए (२०१३), चिंचवड

सोबत: भाच्याच्या वहीतील एका पानाची झेरॉक्स. एकूण कॉलेजे १४. 'वर्गात किती होते' हा रकाना भरलेला: ११. 'खरंच किती लागले' हा रकाना भरलेला: ४. 'हातात किती येतात' हा रकाना भरलेला: ३. बाकी रकाने रिकामे आहेत, ते आपण भरून द्यावेत.